नाना ज्याच्या घरी पाणी पितात

दिवाळी झाली की आमच्याकडे बाभळीला कापूस लागतो. हसू नका, खरंच लागतो. देवपुरात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक वाकडी बाभूळ आहे. जिनिंगला जाणारे कापसाचे ट्रॅक्टर तिच्या अंगाला घासून जातात आणि जाता जाता प्रत्येक जण तिच्या काट्यांना चिमूटभर पांढरं देऊन जातो. कार्तिक सरेपर्यंत झाड असं काही दिसतं, की परगावच्या माणसाला वाटावं, धुळ्यात बर्फच पडला. सकाळी दूध आणायला निघालो की मी तिथं थांबतो. एक पुंजका काढतो, बोटांनी विलगतो, धागा किती लांब आहे ते बघतो, ओल आहे का बघतो. रिटायर्ड माणसाला दुसरा उद्योग काय? बायको म्हणते, "तुम्ही जिन सोडलं, पण मेलं जिन काही तुम्हाला सोडत नाही."

यंदा त्या बाभळीखाली माझा मुलगा मला एक प्रश्न विचारून गेला. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. अकरा महिने झाले की घरी बसवतात आणि मग पुन्हा नव्याने कामावर घेतात. जणू ह्या माणसाला त्यांनी जन्मात कधी पाहिलेलं नाही. तिथं कोणीतरी युनियन काढायचं म्हणत होतं. ह्याला सही मागितली, ह्याने दिली नाही. मी म्हणालो, "का रे?" तर गाडीला किक मारता मारता म्हणाला, "अप्पा, तुमच्या युनियनने शेवटी दिलं काय?" टोमणा नव्हता. एखादा दुकानदाराला विचारतो ना, ही वस्तू किती दिवस टिकते, तसं विचारलं. मी मात्र भडकलो. भररस्त्यात त्याला वाट्टेल ते बोललो. तो बिचारा हेल्मेट घालून ऐकत राहिला आणि मग गेला. दुधाची पिशवी हातात तशीच लोंबत राहिली. राग त्याच्यावर नव्हताच, हे त्यालाही कळलं असावं.

माझं जिन, म्हणजे कापसातलं बी काढायचा कारखाना, जळगावच्या बाहेर होतं. मी तिथं फिटर, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा. पगारपत्रकावर नाव असलेल्या मूठभर माणसांपैकी एक. बाकी सगळी फौज हंगामी. दसऱ्यापासून शेठ काटापूजनाचा मुहूर्त बघायचे. नारळ फुटायचा, वजनकाट्याला हळदकुंकू लागायचं आणि पहिला ट्रॅक्टर आत यायचा. मग होळीच्या पुढेमागेपर्यंत त्या आवारात आवाज आणि धूळ, दुसरं काही नाही. एकदा यंत्रं सुरू झाली की माणसं एकमेकांशी बोलत नसत, ओरडत. मी घरी जेवतानासुद्धा ओरडायचो. पोळी मागितली तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय.

पण काय दिवस होते! खान्देशची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर ती हाडांत कशी शिरते ते सांगून कळायचं नाही. यंत्रातून रुई एका बाजूला जाते आणि सरकी, म्हणजे कापसाचं बी, दुसऱ्या बाजूला पडते. ताज्या सरकीचा ढीग उबदार असतो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका त्या ढिगाला पाठ लावून बसायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि कोणी पहाटे काड्यांवर वांगी भाजून आणली असतील तर भरीत. सरकीचा तेलकट, गोडसर वास आणि भरिताचा धुरकट वास एकत्र नाकात गेला, की आजही माझी भूक चाळवते. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. विशीतली सून आणि साठीतली सासू दोघी सारख्याच म्हाताऱ्या दिसायच्या, आणि त्यावरून दिवसभर चेष्टा चालायची.

ह्या बायकांची म्होरकी हिराअक्का. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या अंगाला तिचं गाव. पावसावरची थोडी जमीन, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि तेंदूची पानं, आणि हिवाळ्यात हे जिन. एवढ्यावर तिचं घर चालायचं. नवरा गेलेला, मुलगा केळीच्या गाड्या भरायला बाहेर, घरात सून संगीता आणि एक तान्ही नात. अंगाने काडी, पण जीभ अशी की ट्रॅक्टरवाले पुरुष तिच्या वाटेला जात नसत. मला ती फिटरभाऊ म्हणायची. मी जरा उशिरा आलो की सगळ्यांसमोर ओरडायची, "या या, जावई उना! पाट मांडा!"

बायका यंत्राच्या तोंडी कापूस घालायच्या. यंत्राच्या मागे लोखंडी कैच्या होत्या, छताला आधार देणाऱ्या. त्या कैच्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असत, आणि झोळीत पोरं. आई हाताने कापूस टाकायची आणि पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने झोळी हलवायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कौतुक वाटलं. किती हुशार बायका, म्हटलं. कौतुक करणं सोपं असतं. झोळीतलं पोर उचललं की त्याच्या नाकाच्या दोन्ही भोकांशी कापसाचं बारीक पीस हलताना दिसायचं, श्वासाबरोबर आत-बाहेर.

हिराअक्काची नात त्या हंगामात खोकायला लागली. कोरडा, चिवट खोकला. यंत्रं बंद झाली की त्या एकदम पडलेल्या शांततेत तेवढा एकच आवाज राहायचा. एकदा मी पट्टा बदलत होतो, तर अक्का कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. "फिटरभाऊ, तुमनं मशीन खोकलं का तुम्हीन पयत येतस. मनी नात खोकस, तिले कोन दखी?"

मी पाना खाली ठेवला. आवाराच्या टोकाला जुन्या काट्याची एक खोली रिकामी पडली होती. भिंती जाड, दार वाऱ्याच्या उलट्या अंगाला. तिथं कापूस उडत नव्हता. झोळ्या तिथं बांधल्या आणि पाळीपाळीने एक बाई तिथं बसली, तर पोरं धुळीतून सुटली असती. एवढंच. चांदी मागायची नव्हती, सोनं मागायचं नव्हतं. कोळ्यांची जाळी लागलेली एक खोली.

आमच्या युनियनचे पुढारी, दादा, मेहरूणला राहायचे. प्रामाणिक माणूस, चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पाजणारा. मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले, "आधी सभासद करा, मग भांडू." एका सुट्टीच्या दिवशी मी सगळ्या बायकांना मेहरूणच्या तलावाकाठी नेलं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आलेल्या, जणू लग्नालाच निघाल्यात. दादांचं भाषण त्यांनी मान डोलवत ऐकलं आणि नंतर तलावात पाय सोडून बसल्या. एवढं पाणी बघून हिराअक्का म्हणाली, "एवढं पाणी शे जळगावमा, आनि जिनमा आमले माठ नही!" सगळ्या खो खो हसल्या. दादासुद्धा हसले. अंगठे उठले, सह्या झाल्या, पावत्या फाटल्या. परत येताना टेम्पोत बायकांनी उन्हाळ्यातल्या आखाजीच्या सणाची गाणी म्हटली, हिवाळ्याचे दिवस असून. मी ड्रायव्हरशेजारी बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, झालं, जग बदललं. माणसाला असं वाटायचे दिवस फार थोडे येतात.

पण एक जण त्या टेम्पोत नव्हता, आणि सगळी गोष्ट त्याच्याजवळच अडली. ते म्हणजे भिका नाना, मुकादम. बायका आणायचं काम त्यांचं. नाना हिराअक्काच्याच गावचे. राक्षस वगैरे नव्हते. तसे असते तर काम सोपं झालं असतं. नाना शांत, हसरे, खांद्यावर स्वच्छ उपरणं. कोणाकडे मयत झाली तर लाकडं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचणार. हिराअक्काचा नवरा गेला तेव्हा तिरडी नानांनीच बांधली होती. बाई बाळंत व्हायची तर रिक्षा नाना आणणार. शेठच्या दृष्टीने बायका नानांच्या, नानांच्या दृष्टीने बायका आपल्या मर्जीने आलेल्या, आणि कागदाच्या दृष्टीने बायका कुठेच नव्हत्या.

पुढच्या हंगामाला कोण येणार, हे नाना ठरवायचे. कसं ठरवायचे, ते मला अक्कानेच सांगितलं. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी पुरणपोळी आणि आंब्याचा रस. घराघरात नवी घागर भरून पितरांपुढे ठेवतात. वैशाखाचं ऊन डोक्यावर, तेव्हा गेलेल्या माणसांनाही तहान लागली असेल, ही त्यामागची माया. पूर्वी सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्यांचं साल आखाजीलाच बदलायचं, आणि नानांनी तीच रीत जिनाला लावली होती. आखाजीच्या दुपारी ते गावातून निघायचे, एकेका ओट्यावर टेकायचे. ज्या घरी तांब्या तोंडाला लावला, त्या घराला दिवाळीत बोलावणं. बोलायचं काही नाही, लिहायचं काही नाही.

"आनि नही पिधं तर?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

अक्काने नानांची हुबेहूब नक्कल केली. पोटावर हात, तोंडभर हसू. "बोलतीन, 'पोट भरेल शे, अक्का.' का समजी लेवानं, गयं."

आदल्या साली एका बाईने नानांना चारचौघांत उलट उत्तर दिलं होतं. आखाजीला नाना तिच्या ओट्यावर गेले, पोरांची चौकशी केली, जावयाची चौकशी केली आणि म्हणाले, पोट भरेल शे, म्हणजे पोट भरलंय, पाणी नको. ती बाई दिवाळीनंतर गावातच राहिली. जिनातल्या बायका तिचं नाव घेताना आवाज खाली करायच्या, यंत्र चालू असतानासुद्धा. मी चिडून म्हणालो, "हा अन्याय आहे, ह्याच्यावर तक्रार करता येते!" पण तक्रारीत लिहिणार काय? मुकादम आमच्या घरी पाणी प्यायला नाही?

अर्ज मात्र आम्ही युनियनच्या कागदावर शेठला दिला. खोली द्या, एवढाच. दिल्यावर दोन दिवस कोणी काही बोललं नाही, तेव्हा बायकांनी सरळ खोली झाडली, शेणाने सारवली, तुळईला झोळ्या बांधल्या आणि पोरं नेऊन ठेवली. कोणाची परवानगी नाही, कोणाचा नकार नाही. तो आठवडा मी विसरणार नाही. मी काहीतरी निमित्त काढून त्या खोलीवरून जायचो. आत एक म्हातारी बसलेली, चार-पाच झोळ्या हलतायत, आणि हवा स्वच्छ, शेणाच्या सारवणाचा गार वास. हिराअक्काची नात जागी होती एकदा. मी वाकून बघितलं तर नाक कोरडं, स्वच्छ. तिने माझ्या बोटाला धरलं. माझ्या बोटाला वंगण होतं, तिची मूठ काळी झाली. मी एवढा मोठा बाप्या, पण तिथं माझे डोळे भरून आले, आता सांगायला लाज कसली.

मग एके सकाळी दाराला कुलूप. काट्याचं सामान ठेवायचंय म्हणे. मी तडक शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठ चांगलं बोलणारे, तीन पिढ्यांचा व्यापार, आवाज कधी चढायचा नाही. मला बसवलं, खारी बुंदी पुढे केली. "फिटर, तू घरचा आहेस. खोलीला माझी कधी ना होती का? नुसतं येऊन म्हणाला असतास, शेठ, पोरांना सावली द्या, तर दिली असती. पण तुमच्या युनियनच्या कागदावर दिली, की उद्या त्या माझ्या कामगार ठरतात. मग मी त्यांना काय काय देऊ?" ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. भीक म्हणून मागितली असती तर मिळाली असती. हक्क म्हणून मागितली म्हणून कुलूप लागलं. बाहेर आलो तर झोळ्या पुन्हा यंत्रामागे बांधून झाल्या होत्या.

दादा म्हणाले, लेबर ऑफिसात जाऊ. गेलो. तारीख मिळाली ती चैत्रातली. चैत्रात जिनात असतं कोण? चिमण्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्या तारखेला मी होतो, दादा होते, शेठचे वकील होते. साहेबांनी भल्या आवाजात विचारलं, "कामगार कुठे आहेत?" वकील हसून म्हणाले, "साहेब, आम्हीही तेच विचारतोय. कोणते कामगार?" बायका आपापल्या गावी मोहाची फुलं वेचत होत्या. कामावर असताना तारीख नाही, तारीख असताना काम नाही. हंगामी माणसाचा वादसुद्धा हंगामी असतो, पण कचेरीचा कारभार बारमाही. पुढची तारीख पावसाळ्यातली पडली, ऐन पेरणीतली. बाहेर येऊन रसाच्या गाडीवर दादा उदास होऊन म्हणाले, "आपला कामगार जागृत नाही हो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादा, जागं राहून त्यांनी बघायचं काय? कुलूप?" दादांनी माझ्याही रसाचे पैसे दिले.

युनियन सोडणं म्हणजे लोकांना काय वाटतं? राजीनामा, भाषण, झेंडा खाली? छे! सोडणारा माणूस काही बोलतच नाही, तो वाट बदलतो. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातच मला ते दिसायला लागलं होतं. एक बाई मला बघून टाकीच्या मागून जायला लागली. दुसरीची बैठकीच्या दिवशी नेमकी दाढ दुखली. तिसरीने पदर तोंडाला लावून नुसतं हसून घेतलं, आणि ते हसणं तिला इतकं जड जात होतं, की मीच म्हणालो, जा बाई, जा. कोणी दादांना नावं ठेवली नाहीत, कोणी मला फसवलंस म्हटलं नाही. उलट वाटेत भेटल्या तर पूर्वीपेक्षा जास्त मानाने बोलायच्या. मयताच्या घरी बोलतात तसं, हळू, जपून. त्यांच्या मनात युनियनबद्दल वाईट काही नव्हतं. फक्त हातात दोन दोर, आणि एक सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं? मला हा प्रश्नच कधी पडला नव्हता, कारण मी कायम होतो. माझी नोकरी माझीच होती, म्हणून युनियन तिचं रक्षण करू शकत होती. ज्याची नोकरी दर आखाजीला मरते आणि दिवाळीला जन्मते, तिचं रक्षण करायचं तरी कुठल्या महिन्यात?

हिराअक्का मात्र सुटली नव्हती. जिन बंद झालं त्या दिवशी टेम्पोत बसताना तिने मला ओरडून सांगितलं होतं, "फिटरभाऊ, तारीखले मी येसू! आखाजीले घर या, रस-पोळी खावाले!" टेम्पोतल्या बाकीच्या बायका दुसरीकडे बघत होत्या. चैत्रातली तारीख तिची मोहाच्या फुलांत चुकली, पण पावसाळ्यातली अजून हातात होती.

म्हणून मी आखाजीला तिच्या गावी गेलो. पावसाळ्यातल्या तारखेला ती एकटी जरी उभी राहिली असती, तरी साहेबांना दाखवता आलं असतं, ही बघा, ही कामगार. एक जिवंत माणूस हवा होता. फाट्यावर एस्टीने सोडलं, तिथून चालत. वैशाखाचं ऊन म्हणजे ऊन नाही, मारच तो. मागे सातपुडा करपून तांबडा झालेला. गावात शिरलो तर चिंचेला झोके लागलेले, पोरी उंच उंच जात होत्या, गाणी चालली होती, घराघरांतून पुरणाचा वास. माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि म्हटलं, आता अक्काच्या ओट्यावर टेकायचं आणि तांब्याभर गार पाणी.

तिचं घर वळणावर. वळलो आणि आधी मला नाना दिसले. अक्काच्या शेजारच्या ओट्यावर बसले होते, खांद्यावर तेच स्वच्छ उपरणं. घरातल्या बाईने तांब्या पुढे केला, नानांनी तो वर धरून धार तोंडात सोडली, मिशा पुसल्या. बाईचा चेहरा असा उजळला, की मला लांबूनही दिसला. आता पुढचं घर अक्काचं.

अक्का दारात उभी होती. ओटा सारवलेला, बाजूला नवी घागर, तिच्यावर आंबा. हातात घासून लख्ख केलेला तांब्या, काठोकाठ भरलेला. तिने मला पाहिलं. आनंद झाला तिला, खोटं सांगत नाही, तोंडातून "माय वं, भाऊ उनात!" निघून गेलं. तांब्या धरलेला हात आपोआप पुढे आला. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग "कोण तुम्ही" विचारायचं. तो हात अर्ध्यावर आला आणि थांबला.

नाना तिकडून बघत होते. रागाने नव्हे हो, हसतच बघत होते. आत संगीता चुलीपुढे उठून उभी राहिलेली. आणि कुठेतरी अंधारात नात खोकली. कोरडा, चिवट तोच खोकला. अक्काने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तांब्यातलं पाणी हलत होतं आणि तिच्या मनगटावर सांडत होतं. तिला तांब्या मागे घेववत नव्हता आणि पुढे करवत नव्हता. मला तारीख आठवली, साहेब आठवले, सारवलेली खोली आठवली, माझ्या बोटाला धरलेली काळी मूठ आठवली.

मी पोटावर हात ठेवला. तोंडभर हसलो. आणि म्हणालो, "पोट भरेल शे, अक्का."

तिला कळलं. तिचे डोळे एकदम भरले, आणि तिने मान अशी हलवली, की नको म्हणतेय का बरं म्हणतेय, ते मला आजपर्यंत उमगलेलं नाही. मी नानांना रामराम केला. नानांनी उठून, हात जोडून, अगदी मनापासून रामराम केला. "या ना फिटरभाऊ, बठा," असंही म्हणाले. मी वळलो. तारखेचं मी तिला विचारलंच नाही.

त्या दिवाळीत तिच्या घराला बोलावणं आलं. सासू-सून दोघी आल्या, झोळी यंत्रामागे त्याच कैचीला बांधली. मी पट्टा बदलायला गेलो तर अक्का यंत्राच्या पलीकडे सरकली. "जावई उना" कोणी ओरडलं नाही. पावसाळ्यातल्या तारखेला कोणी आलं नव्हतं, आणि त्यानंतर दादांनी तारीख मागितली नाही. खोलीचं कुलूप मी रिटायर झालो तेव्हा गंजून गेलं होतं. आत काट्याचं सामान ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. आता नाना थकलेत म्हणतात, आखाजीला त्यांचा मुलगा गावातून फिरतो. मोटारसायकलवरून उतरत नाही, पाणी बसल्या बसल्याच पितो.

मुलाला ह्यातलं काही मी सांगितलेलं नाही. त्याने सही दिली नाही हे बरं केलं म्हणू, की वाईट केलं म्हणू? रोज सकाळी तो त्या बाभळीखालून गाडी काढतो, हेल्मेटला कापसाचा एखादा तंतू चिकटतो, तो तसाच घेऊन कंत्राटाच्या दारात जातो. मी बघत राहतो.

त्या दिवशी मी अक्काच्या वळणावरून निघालो तेव्हा मागे वळून पाहिलं नाही, पण आवाज ऐकला. नाना तिच्या ओट्यावर टेकले, आणि वरून सोडलेल्या धारेचं पाणी घशात उतरताना होतो तो घट घट आवाज. घरोघरी पितरांपुढे घागरी भरून ठेवल्या होत्या. मी फाट्यावर जाऊन उन्हात उभा राहिलो. एस्टी यायला बराच वेळ होता, आणि जवळपास कुठे पाणी नव्हतं.